मांजराला नंबर नाही

बारा आकडे. पर्यवेक्षक ते तीन-तीनच्या तुकड्यांनी मोठ्यानं वाचत होते, शेजारचा मुलगा मोबाइलमध्ये भरत होता, आणि मध्येच एखादी शेळी ओरडली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. अक्राणी तालुक्यातल्या, म्हणजे धडगावकडच्या, एका पाड्यावर लाळ्या-खुरकुताच्या लसीबरोबर कानात बिल्ले मारायचं काम चाललं होतं. पिवळा बिल्ला, त्यावर बारकोड, त्याखाली बारा आकडे. एकदा तो कानात बसला की त्या बैलाची लस, आजारपण, विक्री सगळं त्या आकड्यांच्या नावावर चढतं.

मी तिथे गेले होते मांजरासाठी. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मावसबहिणीनं फोनवर सहज सांगितलं होतं, की १० जून २०२४ पासून तिकडे पाळीव मांजराला चिप बसवणं कायद्यानं सक्तीचं झालंय, वीस आठवड्यांची होण्याआधी. चिप नसलेली आढळली तर एकवीस दिवसांची मुदत, आणि तरीही बसवली नाही तर पाचशे पौंडांपर्यंत दंड. मग तिनं विचारलं, "भुरीला बसवलीस का?" भुरी म्हणजे आमची मांजर. नंदुरबारच्या पत्र्यांवर हिंडते, मनात आलं तर रात्रभर येत नाही. प्रश्न डोक्यात राहिला. मांजराला चिप बसवताना बघायला मिळेल असं ठिकाण आमच्याकडे मला सापडलं नाही, म्हणून जिथे जनावराला नंबर मिळतो तिथे जाऊन बघावं म्हटलं.

पर्यवेक्षक पन्नाशीचे. सरकारी पदनाम पशुधन पर्यवेक्षक, पण पाड्यावर सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात. बैलाशी पावरीत बोलायचे, मालकाशी मराठीत, आणि मोबाइलवर हिंदीत चिडायचे, कारण डोंगरात रेंज येते-जाते आणि नोंद सरकारच्या 'भारत पशुधन' प्रणालीवर चढल्याशिवाय काम झालं असं होत नाही. त्यांचं एक बघण्यासारखं होतं. पक्कड लावण्याआधी ते कान उन्हाकडे धरायचे. उजेडात शिरा दिसतात, दोन शिरांच्या मधली जागा सापडते. ती सापडली तरी लगेच पक्कड नाही लावायची. आधी अंगठ्यानं तो कान चोळत राहायचे, बैल मान सैल सोडेपर्यंत. मग स्पिरिटचा बोळा, आणि एकदाच कचकन आवाज. रक्त आलंच तर थेंबभर. काही मालकांना घाई होती, ते म्हणायचे, "मारा ना डॉक्टर." ते ऐकत नव्हते. त्यानंतर मी बरीच कागदपत्रं वाचली, बऱ्याच जणांशी बोलले, पण चिपचा विषय निघाला की मला तो चोळलेला कान आठवतो.

लोक बैल घेऊन का येत होते, यात भाबडेपणा काही नाही. राज्य सरकारनं १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद केली. बिल्ला नसेल तर सरकारी दवाखान्यात उपचाराला अडचण, आणि जनावर वीज पडून, पुरात किंवा बिबट्यानं मारलं तर भरपाईलाही अडचण. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या हा काही कागदावरचा प्राणी नाही. पाड्यावरच्या माणसाला बारा आकडे समजायला वेळ लागला नसेल. त्या आकड्यांमागे पैसा आहे. बिल्ल्याचे तोटेही त्याला माहीत आहेत. झुडपात अडकून कान फाटतो, पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात, बिल्ला गळून पडला की पुन्हा पक्कड.

तेवढ्यात एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा आला. कडेवर पांढरी-काळी मांजर, तिचे मागचे पाय लोंबकळलेले. "हिला पण मारा ना." सगळे हसले. पर्यवेक्षक हसले नाहीत. त्यांनी मांजरीचा कान बोटांत धरून, सवयीनं उन्हाकडे करून बघितला आणि म्हणाले, "मांजराला नंबर नाही, बाळा."

मी विचारलं, का नाही?

"ताई, बाजारात पावती फाडताना नंबर मागतात, म्हणून लोक येतात. मांजराचा बाजार कुठे भरतो?"

त्यांचं म्हणणं सरकारी मोजणीतही खरं निघालं. २१वी पशुगणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. सोळा प्रकारच्या प्राण्यांची नोंद घ्यायचं ठरलं: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, उंट, घोडा, गाढव, ससा, कुत्रा, अगदी हत्तीसुद्धा. मांजर त्यात नाही. देशात हत्ती किती ते मोजायचं, आणि चुलीमागे झोपलेली मांजर नाही, यावर पुष्कळ हसता येईल. पण उंदीर मारण्यापलीकडे तिचा हिशेब सरकारला लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कातडीखालची चिप प्रत्यक्ष बघायला मी सारंगखेड्याला गेले. शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या देवळापाशी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. अलीकडे त्याला चेतक महोत्सवाची जोड मिळाली, तंबू आले, शर्यती आल्या. पण खरा बाजार पहाटे, लिदीच्या आणि ओल्या गवताच्या वासात होतो. नोंदणी केलेल्या मारवाडी घोड्याच्या मानेत, डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली चिप असते. एका गुजरातच्या घोडेवाल्यानं मला कागद दाखवले: घोड्याची रेखाकृती, अंगावरच्या खुणा लाल शाईनं काढलेल्या, आणि बारकोडाची पट्टी. मग वाचायचं यंत्र मानेवरून फिरवलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा थोडं खाली, आणि टुक्. पडद्यावर पंधरा आकडे.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, डोक्याला फेटा, तोंडात विडी. त्यांना तो सगळा प्रकार फारसा पटलेला दिसला नाही. "पंधरा आकडे कोणाच्या ध्यानात राहतात?" म्हणाले. "भोवरी ध्यानात राहते." आणि मग त्यांनी त्याच घोडीच्या अंगावरच्या भोवऱ्या बोटानं दाखवल्या, शुभ मानलेला देवमण कुठे, आणि अशुभ मानलेली नागीण कशी नाही ते. घोडेवाला हसून म्हणाला, बाबा, भोवरी सारखी असलेली दुसरी घोडी सापडते, नंबर सारखा सापडत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. लाखांचा व्यवहार असेल तर मी मात्र पंधरा आकड्यांकडे जाईन. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानं २०१३ पासून नव्यानं नोंद होणाऱ्या घोड्यांना चिप सक्तीची केली, ती काही हौस म्हणून नव्हे. एकाच्या नावावर दुसरा घोडा पळवण्याची परंपरा फार जुनी आहे.

घोड्याची आणि मांजराची चिप एकाच घरातली. काचेची बंद नळी, साधारण १२ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड. आत तांब्याची बारीक गुंडाळी आणि नंबर साठवलेला तुकडा. बॅटरी नाही, त्यामुळे संपायचंही काही नाही. वाचणारं यंत्र १३४.२ किलोहर्ट्‌झच्या लहरी सोडतं, त्या लहरींवर चिप क्षणभर जागी होते आणि आपला नंबर सांगते. बस. ती मांजर कुठे आहे ते सांगत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या निम्म्यांना वाटत होतं की चिप लावली की मोबाइलवर मांजर दिसेल. पंधरा आकड्यांतले पहिले तीन देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे. भारताचा आकडा ३५६. मालकाचं नाव, पत्ता, फोन यांतलं त्या नळीत काहीही नसतं. ते कुठल्यातरी नोंदवहीत असतं, आणि नोंदवही कोणाची, तिला कोण उघडणार, इथे आमच्याकडे गाडी अडते.

नंदुरबारातल्या पशुवैद्यांकडे गेले तेव्हा मिरचीचा मोसम ऐन भरात होता. मिरच्या वाळवायच्या पथारीवरून वारा आला की दवाखान्यात कुत्र्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे शिंकत. खकाणा डोळ्यांत भरला होता आणि डॉक्टर रुमाल नाकाला लावून बोलत होते. त्यांनी चिपच्या सुईचं माप कागदावर काढून दाखवलं. साध्या इंजेक्शनची सुई नव्हेच ती. पोती शिवायचं दाभण आठवलं. दोन खांद्यांच्या मध्ये सैल कातडी उचलायची, सुई आत, दट्ट्या दाबायचा, झालं. भूल लागत नाही. चिप कधीकधी कातडीखालून खांद्याकडे, कोपराकडे सरकते, म्हणून वाचणाऱ्यानं सगळ्या अंगावरून यंत्र फिरवायला हवं. मांजरांत चिपेच्या जागी गाठ झाल्याची उदाहरणं फार विरळा आहेत. डॉक्टरांचा चिपला विरोध नव्हता. "तुम्ही म्हणत असाल तर मागवून देतो," ते म्हणाले. "पण पंधरा आकडे वाचणार कोण?"

यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. मी आणखी जिथे चौकशी केली तिथेही नव्हतं.

चिपच्या बाजूनं जे सांगण्यासारखं आहे ते कमी नाही, आणि ते दडवून मला निकाल द्यायचा नाही. अमेरिकेतल्या ५३ प्राणी-निवाऱ्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. निवाऱ्यात आलेल्या हरवलेल्या मांजरांपैकी मालकाकडे परत गेली ती १.८ टक्के. चिप असलेल्या मांजरांपैकी ३८.५ टक्के. ही तफावत बघून माझा हात जवळजवळ फोनकडे गेला होता. पण तो अभ्यास नीट वाचला की दिसतं, मोजलेलं प्रत्येक मांजर आधी निवाऱ्यात पोचलेलं होतं. तिथे टेबल होतं, यंत्र होतं, यंत्र फिरवणं हे ज्याचं काम असा माणूस होता. आणि तिथेही चिप असून जी घरी गेली नाहीत त्यांच्या मालकांचे फोन नंबर बहुधा चुकीचे किंवा बंद पडलेले होते.

नंदुरबारात हरवलेली मांजर निवाऱ्यात जात नाही. ती पलीकडच्या गल्लीत जाते. तिथल्या काकू तिला दुधाची वाटी ठेवतात, चार दिवसांत नवं नाव ठेवतात, आणि तिच्या मानेत काही असेल असं त्यांच्या मनातही येत नाही. त्यांना दिसेल ते पट्ट्यावर लिहिलेलं. मांजराच्या गळ्यात पट्टा टिकत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण २०१० मध्ये छापून आलेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात ५३८ मांजरांना पट्टे घातले; सहा महिन्यांनंतर ३९१ मांजरांनी ते टिकवले होते. मालकांचा अंदाज इतका चांगला नव्हता. काहींचा पाय पट्ट्यात अडकला, हेही खरं, म्हणून ओढ बसली की सुटणारा पट्टा घ्यायचा.

मोठ्या शहरांचं गणित बदलू लागलंय. पुणे महापालिकेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे पाळीव मांजरांनाही परवाना घ्यायला लावायचं ठरवलं. परवाना आला की आज ना उद्या नंबर येतो, आणि तो विचारणारा कारकूनही येतो. त्या दिवशी माझं मत बदलेल. बारा आकड्यांचा बिल्ला धडगावच्या पाड्यापर्यंत चढला तो सक्ती, लस आणि बाजार एकदम आले म्हणून. नुसत्या पिवळ्या प्लास्टिकसाठी कोणी बैल ओढत आणला नसता.

तोवर माझा निकाल असा: भुरीला चिप नाही. तिची नसबंदी झाली आहे, कारण माजावर आलेली मांजर भटकते आणि हरवते, आणि पिलांचं काय करायचं हा प्रश्न चिप सोडवत नाही. रेबीजची लस दर वर्षी. गळ्यात सुटणारा पट्टा, त्यावर न पुसणाऱ्या शाईनं माझा फोन नंबर. तोही आकड्यांचाच आहे, दहा आकड्यांचा, पण वाचायला डोळे पुरतात. तुमच्या घरी मांजर असेल आणि चिपेचे पैसे बाजूला काढले असतील, तर ते आधी नसबंदीला लावा.

अपवाद एकच, आणि तो आमच्याकडेही आता वारंवार दिसतो: मुलगा किंवा सून परदेशी, मागे राहिलेली मांजर तिकडे न्यायची. तिथे चिपला पर्याय नाही. मात्र क्रम चुकवू नका. ब्रिटन किंवा युरोपीय संघात न्यायचं तर आधी चिप, मग रेबीजची लस. चिपेआधी टोचलेली लस धरत नाहीत. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना, त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक, आणि नमुना घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबायचं. विमानाच्या तिकिटाआधी निदान चार महिने हाताशी ठेवा, आणि चिप बसवल्या बसवल्या ती यंत्रानं वाचून घ्या.