शोकातल्या घराला 'अनित्य' सांगण्याआधी

घरातले माणूस गेले की पहिले काही दिवस आपल्या वस्तीत माणसांची कमी नसते. जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, त्रिशरण-पंचशील होते, भाषणे होतात. भाषणांत एक वाक्य हमखास येते : 'सर्व काही अनित्य आहे, शोक करू नका.' मग मंडप निघतो आणि खरे दिवस सुरू होतात.

सामाजिक काम करताना आम्ही अशा घरांत महिन्याने, सहा महिन्यांनी जातो. तेव्हा दिसते की आठवण सांगून येत नाही. रेशनकार्डावरचे नाव कमी करायला गेल्यावर येते, १४ एप्रिलला पेटीतून पांढरा सदरा निघतो तेव्हा येते. सासू सुनेसमोर रडत नाही, सून सासूसमोर. दोघी एकमेकींना जपतात आणि दोघी एकट्या पडतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दारात येणारा प्रत्येक जण 'आता घरचा कर्ता तूच' म्हणून सांगतो. वडिलांबद्दल मात्र त्याच्याशी कुणी बोलत नाही. पुढे त्याचे अभ्यासातले लक्ष उडते आणि आपण म्हणतो, पोरगं वाया गेलं.

गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या घरी तर आठवणीलाही कागद लागतात. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. ती मिळवायची तर पत्नीला प्रत्येक टेबलावर तो दिवस पुन्हा सांगावा लागतो. नवऱ्याचा चेहरा आठवण्याआधी तिला पंचनामा आठवतो. हे दुःख नुसते मनातले नाही, व्यवस्थेने दिलेले आहे. ते 'अनित्य' म्हणून गुंडाळता येत नाही.

आता धम्माकडे येऊ. महापरिनिब्बान सुत्तात आनंद दाराला टेकून रडतो. तथागत त्याला बोलावून घेतात. शोक करू नकोस म्हणतात, अनित्यताही सांगतात. पण तिथे थांबत नाहीत. त्याने दीर्घकाळ मैत्रीने केलेली सेवा ते त्याला आठवून देतात आणि भिक्खूंसमोर त्याचे गुण सांगतात. म्हणजे समजावण्यातच आठवण आहे. आपण अर्धाच उपदेश उचलला. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या परिनिर्वाणानंतर ही सभा आपल्याला रिकामी वाटते, असे संयुत्त निकायात स्वतः तथागत म्हणतात. त्यांना शोक नाही, हेही तिथेच येते. पण रिकामी झालेली जागा ते लपवत नाहीत. किसा गोतमीलाही त्यांनी प्रवचन देऊन गप्प केले नाही, मोहरी आणायला दारोदार पाठवले. प्रत्येक घरात तिला कुणाच्या तरी मरणाबद्दल ऐकायला मिळाले. आमच्या मते तिला सावरले ते या ऐकण्याने.

बाबासाहेबांचेही तेच. जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला. त्यानंतर दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात, आयुष्याची चवच गेली अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. इतक्या मोकळेपणाने लिहिणारा हा बाप मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर होता. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. पाच-सहा वर्षांनी आलेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. 'रडणे हे कार्यकर्त्याला शोभत नाही' असे म्हणणाऱ्या मित्रांनी ते पत्र एकदा वाचावे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे साधे आहे. पुण्यानुमोदनाला जा, पण महिन्याने पुन्हा जा. गेलेल्या माणसाचे नाव घ्या, 'ते कामावर काय करायचे?' असे विचारा आणि ऐका. मुलांना बाजूला पाठवू नका. भरपाईच्या चकरा असतील तर त्या बाईसोबत कुणीतरी जा, म्हणजे तेच तेच तिला एकटीला सांगावे लागणार नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ दुःखाने रोजचे जगणेच ठप्प झाले असेल, तर त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अशा लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. जीव देण्याची भाषा कुणी केली, तर सहा महिने कशाला, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते.