बुबुळावरचा रंधा

लेकीच्या चष्म्याचा नंबर घालवायचा आहे. एका दवाखान्यात ‘ब्लेडवालं’ लेसर सांगितलंय, दुसऱ्यात ‘ब्लेडलेस’, आणि दोन्हींच्या दरात चांगलीच तफावत आहे. तर खरा फरक किती, असं एका वाचक भगिनींनी विचारलं आहे. हल्ली हा प्रश्न बऱ्याच घरांत पडतो, कारण जाहिरातींनी ‘ब्लेड’ या शब्दाचा धसकाच बसवून ठेवला आहे. ब्लेड म्हणजे जुनं आणि धोक्याचं, लेसर म्हणजे नवं आणि बिनधोक. ज्या ब्लेडची एवढी बदनामी झाली, ते मायक्रोकेराटोम नावाच्या हातभर वायरीच्या छोट्याशा यंत्रात बसतं. हे यंत्र कळलं, की प्रश्नाचं अर्धं उत्तर आपोआप मिळतं.

लॅसिकमध्ये, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायच्या या लेसर शस्त्रक्रियेत, कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा पातळ पदर उचलायचा, खालच्या भागावर एक्सायमर लेसर मारून तिथला गोलवा बदलायचा आणि पदर परत जागेवर बसवायचा. या पदराला सगळे फ्लॅपच म्हणतात. मधोमध कॉर्नियाची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यातला फ्लॅप १०० ते १८० मायक्रॉनचा. लेसरचं काम संपल्यावर खाली किमान २५० मायक्रॉन उरलेच पाहिजेत, नाहीतर पुढे काही वर्षांनी कॉर्निया फुगून बाहेर येण्याची भीती. त्यातून कापायचं आहे ते वाटोळ्या, ओल्या आणि हललेल्या क्षणी निसटणाऱ्या डोळ्यावर. नुसत्या हाताने हे जमणं अवघड, हे ज्याने सर्वांत आधी ओळखलं तो माणूस म्हणजे होसे इग्नासिओ बाराकेर.

बाराकेर मूळचे बार्सिलोनाचे, जन्म १९१६चा. वडील इग्नासिओ बाराकेर हेही नामांकित नेत्रतज्ज्ञ. मोतीबिंदू निर्वात ओढीने बाहेर काढायचं उपकरण त्यांनी बनवलं होतं. डोळ्याचा नंबर चष्म्याच्या काचेत नव्हे, खुद्द कॉर्नियावरच दुरुस्त करता येईल, ही कल्पना मुलाने १९४९ साली लिहून प्रसिद्ध केली. पुढे ते कोलंबियात बोगोटाला स्थायिक झाले आणि तिथे त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. कॉर्नियाची चकती कापून काढायची, ती गोठवायची, कॉन्टॅक्ट लेन्स घडवायच्या लेथवर हवा तसा आकार देऊन घासायची, वितळवायची आणि पुन्हा डोळ्यावर शिवायची! लेसरचा शोधही लागला नव्हता, तेव्हाची ही कल्पना. लेथ सोपा होता. खरी अडचण एकसारख्या जाडीची चकती कापायची होती, आणि तिचं उत्तर बाराकेरना सापडलं सुताराच्या रंध्यात.

रंधा मारताना सुतार पात्याची खोली हाताच्या जोरावर ठरवत नाही. पातं तळातून किती बाहेर डोकावतं, यावर निघणाऱ्या पापुद्र्याची जाडी ठरते. सपाट तळ लाकूड दाबून धरतो आणि मागोमाग पातं सरकतं. नवशिक्याने जोर लावला तरी पापुद्रा जाड निघत नाही, कारण खोली हाताने नव्हे, अवजाराने ठरवलेली असते. बाराकेरच्या यंत्रात पुढे एक सपाट पट्टी असते. ती कॉर्नियाचा घुमट दाबून सपाट करते. पट्टी आणि पात्याची धार यांच्यामध्ये ठरावीक फट असते. त्या फटीत जितका कॉर्निया मावतो, तितक्याच जाडीचा पदर निघतो. पातं नुसतं पुढे ढकललं जात नाही, मिनिटाला हजारो वेळा आडवं थरथरतं. लाकूड सुतारशाळेच्या बाकावर घट्ट धरलेलं असतं. डोळा कोण धरणार? त्यासाठी बाराकेरनी सक्शन रिंग बसवली. बुबुळाभोवती टेकवलेली धातूची कडी, तिला नळी, नळीला पंप. कडी डोळा पकडून ठेवते आणि शिवाय त्याचा दाब वाढवून त्याला टणक बनवते. यांपैकी दुसरं काम जास्त मोलाचं, कारण मऊ डोळ्यावर पातं घसरतं आणि पदर पातळ, वेडावाकडा निघतो.

थिएटरमधली ती काही सेकंदं जवळून पाहण्यासारखी असतात. थेंबांनी डोळा बधिर केलेला, पापण्या क्लिपने उघड्या ठेवलेल्या, पापण्यांचे केस चिकटपट्टीखाली झाकलेले, कारण एखादा केसही यंत्राच्या दात्यांत अडकला तर पातं अर्ध्यावर थांबतं. सर्जन कडी टेकवतात, पंप सुरू होतो. एरवी १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका असलेला डोळ्याचा दाब ६५च्या वर जातो. दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता अडतो आणि पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर, एकदम अंधार झाला.’ पेशंटला दचकवणारं हे वाक्य सर्जनला हवंच असतं. पंपाच्या काट्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. कधी कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची सैल त्वचा कडीच्या भोकात ओढली जाऊन भोक बुजवते. काटा म्हणतो निर्वात पूर्ण झाला, प्रत्यक्षात डोळा धरलेलाच नसतो. म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकचा एक छोटा शंकू कॉर्नियावर टेकवतात. त्याच्या तळावर एक वर्तुळ कोरलेलं असतं. टेकलेला ओला ठिपका वर्तुळाच्या आत मावला, तर दाब पुरेसा. या साध्या शंकूलाही बाराकेरचंच नाव आहे. मग पायाने पेडल दाबायचं, पातं पुढे जातं, बिजागरीपुरता भाग सोडून थांबतं आणि उलट्या पेडलने मागे येतं.

यंत्र चांगलं असून भागत नाही, डोळा ओळखावा लागतो. कॉर्निया फार उंचवट्याचा असेल, तर दाबल्यावर मधोमध तो आत वळतो आणि पदराला भोक पडतं. फार सपाट असेल, तर कडीतून कमी भाग वर येतो, पदर लहान निघतो आणि बिजागरीच न राहता सुटा होतो. म्हणून आधी उंचवटा मोजून त्याप्रमाणे कडी निवडायची. पातं अर्ध्यावर असताना वीज गेली तर काय होईल, हे सांगायला नको. यूपीएसशिवाय या यंत्राला हात लावू नये.

सर्वांत भयंकर चूक सुरुवातीच्या स्वयंचलित मॉडेलांमध्ये घडत असे. त्यांत जाडी ठरवणारी पट्टी सुटी असायची, दर वेळी हाताने बसवावी लागे. ती बसवायची राहिली, तर पात्याला अडवणारं काहीच उरत नसे आणि पातं कॉर्निया पार करून डोळ्याच्या आत शिरे. असे अपघात झाले. त्यानंतर बनवणाऱ्यांनी पट्टी यंत्राच्या डोक्यातच कायमची बसवली. ‘काळजी घ्या’ असं सांगत राहण्यापेक्षा चूक करताच येणार नाही अशी रचना करणं शहाणपणाचं, हे इथे डोळे गमावून शिकावं लागलं.

देखभालीचा भाग कुठल्याच जाहिरातीत येत नाही, आणि माझ्या मते निकाल तिथेच ठरतो. पातं प्रत्येक पेशंटला नवं हवं. बसवण्यापूर्वी त्याची धार सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. एकाच पात्याने दोन्ही डोळे केले, तर दुसऱ्या डोळ्याचा पदर सहसा थोडा पातळ निघतो, असं मोजमापांतून दिसलं आहे. शस्त्रक्रिया संपताच, ऊती वाळायच्या आत, यंत्राचं डोकं सुटं करून मऊ ब्रशने डिस्टिल्ड पाण्यात धुवायचं. सलाइनने धुऊन तसंच ठेवलं, तर मिठाचे स्फटिक दात्यांत बसतात आणि पुढच्या वेळी पातं अडखळतं. कडीचं भोक आणि नळी आतून धुवायची. मोटर पाण्यात बुडवायची नाही. जोडणी झाल्यावर डोळ्यापासून दूर एकदा पुढे-मागे चालवून कान द्यायचा. अनुभवी टेक्निशियनला आवाजातला फरक लगेच कळतो.

आणि धुतलेलं, वाफेने निर्जंतुक केलेलं अवजारही घात करू शकतं. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस काही रुग्णालयांत लॅसिकनंतर एक-दोन दिवसांत फ्लॅपखाली पांढुरके कण दिसू लागले. वाऱ्याने लाटा उमटलेल्या वाळूसारखं दिसायचं, म्हणून सर्जन त्याला ‘सहाराची वाळू’ म्हणू लागले. तपासणीत जंतू सापडेनात. आधी हातमोज्यांवरच्या पावडरीपासून पात्यावरच्या तेलापर्यंत सगळ्यांवर संशय गेला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने बोट दाखवलं ते खुद्द ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, पाण्याच्या टाकीकडे. टाकीत साचून राहिलेल्या पाण्यात जिवाणूंचा बुळबुळीत थर धरत होता. वाफ जिवाणूंना मारत होती. पण त्यांच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन त्या तापमानाला नष्ट होत नाही. ते वाफेबरोबर अवजारांवर जाऊन बसे आणि फ्लॅपखाली दाह सुरू होई. म्हणजे जंतू मेलेले, विष शाबूत! उपाय साधा होता: टाकी नियमित रिकामी करायची, घासायची, कोरडी ठेवायची. हे काम सर्जन करत नाही. ज्यांचं नाव कुठल्याच फलकावर नसतं, ते करतात.

आता ‘ब्लेडलेस’बद्दल. त्यात फेम्टोसेकंद लेसर ठरावीक खोलीवर सूक्ष्म बुडबुड्यांची रांग उठवतो आणि पदर सुटा करतो. या अतिलघु लेसर स्पंदांमागचं तंत्र डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांचं. त्यासाठी त्यांना २०१८चं नोबेल मिळालं. यात फ्लॅपची जाडी अधिक एकसारखी येते, हा फायदा खरा आहे. पण हे यंत्रही डोळा सक्शन रिंगनेच धरतं आणि कॉर्निया सपाट काचेने दाबूनच काम करतं. या दोन्ही कल्पना बाराकेरच्या! फक्त पात्याची जागा प्रकाशाने घेतली. एक्सायमर लेसरचे मानकरी सगळ्यांना माहीत असतात. चेन्नईत शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या आयबीएममधल्या दोन सहकाऱ्यांनी १९८१ साली सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर तो चालवून पाहिला, ही गोष्ट आवडीने सांगितली जाते आणि सांगावीही. बोगोटाच्या रंध्याची मात्र कुणी आठवण काढत नाही.

निकालांचं म्हणाल, तर कोक्रेन या संस्थेने २०२० साली दोन्ही पद्धतींवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. दिसण्याच्या बाबतीत फरक नगण्य आढळला. ब्लेडनंतर डोळे कोरडे पडण्याचा धोका जास्त, तर लेसरनंतर वर सांगितलेल्या ‘वाळू’चा. तेव्हा वाचक भगिनींनी पैसे जास्त कशाला, यापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात. लेकीच्या कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, आणि जाडी काय आली. कारण कॉर्निया मुळात कमकुवत असेल, तर कुठल्याच पद्धतीने फ्लॅप करू नये. आणि डॉक्टर स्वतः रोज कोणती पद्धत वापरतात. ज्या हाताला जे यंत्र सरावाचं, तेच त्या हातात सुरक्षित.

मायक्रोकेराटोमला मोडीत काढणाऱ्यांनी नेत्रपेढीतही डोकावावं. २००६ साली फ्लोरिडाच्या मार्क गोरोव्हॉय यांनी दात्याच्या कॉर्नियाचा मागचा पातळ थर वेगळा करायला हेच यंत्र वापरलं. दात्याचा कॉर्निया एका कृत्रिम कप्प्यावर ताणून बसवायचा, वरून पातं फिरवायचं आणि खालचा जिवंत पेशींचा थर छोट्याशा छेदातून रुग्णाच्या डोळ्यात सरकवून हवेच्या बुडबुड्याने चिकटवायचा. पूर्ण कॉर्निया शिवायची गरज राहत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. रसिक वाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवून दिलं, की एकच कॉर्निया असा विभागून आणि कडेच्या मूलपेशीही वापरून तीन रुग्णांना देता येतो.

त्यासाठी आधी दाता हवा. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवायला लागतं. तोवर पंखा बंद ठेवावा आणि मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवावा. चष्मा, मधुमेह किंवा झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांपैकी कशामुळेच नेत्रदान अडत नाही. लॅसिक झालेल्यांनीही संकोच करू नये, कारण त्यांच्या कॉर्नियाचा मागचा थर अशा रोपणाला चालू शकतो. जवळच्या नेत्रपेढीचा फोन नंबर आजच घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये साठवून ठेवा.