बॅटरीशिवाय चालणारा फ्युएल पंप

धाराशिवकडच्या कितीतरी विहिरींचं पाणी वीज येण्याआधी हँडल मारून सुरू होणाऱ्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनानं उपसलं. अशी इंजिनं बनवणारी पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ ची.

या इंजिनातला माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे फ्युएल पंप. आत प्लंजर म्हणजे दट्ट्या आणि बॅरल म्हणजे त्याची नळी. या जोडीला मिस्त्री एलिमेंट म्हणतात. दोघांतली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी, म्हणून बदलायची तर जोडीच बदलायची. कॅम प्लंजरला वर ढकलतो, दाब साधारण २०० बारला गेला की नोझलची सुई उचलते आणि डिझेल फवारलं जातं. १५०० आरपीएमला हे मिनिटाला ७५० वेळा घडतं!

खरी करामत प्लंजरवरच्या तिरक्या खाचेची. स्ट्रोक कायम तेवढाच. पण वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरनं रॅक, म्हणजे दातेरी पट्टी, सरकवला की प्लंजर जरा फिरतो, खाच बॅरलच्या छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते, तिथे दाब सुटतो आणि लोडला लागेल तेवढंच डिझेल जातं. बॉश कंपनीनं जर्मनीत १९२७ पासून असे पंप मोठ्या प्रमाणावर बनवले.

टाकी कोरडी पडू देऊ नका. पंपात हवा शिरली की तीच दाबली जाते, सुई उचलत नाही. ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या. आणि नोझल तपासताना फवाऱ्यासमोर हात अजिबात नको, ते डिझेल कातडीतून आत घुसतं.