पावसातली दिल्ली : दोन गाड्यांमधला एक दिवस

वैष्णोदेवी, हरिद्वार किंवा सिमल्याच्या वाटेवर दिल्लीत एक दिवस मोकळा मिळतो. सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवायचे आणि मुलांना लाल किल्ला दाखवायचा, असा बेत महिनाभर आधीच ठरलेला असतो. नेमका त्याच सकाळी पाऊस कोसळू लागतो. मग प्रतीक्षालयातच चादर अंथरली जाते, मुले कंटाळून भांडतात आणि आजी म्हणतात, ‘‘जाऊ दे, पुढच्या वेळी पाहू.’’ ही पुढची वेळ बहुतेक घरांत पंधरा-वीस वर्षांनी येते आणि तेव्हा आजी सोबत असतीलच असे नाही.

खरे तर एवढे बिचकण्याचे कारण नाही. जूनच्या अखेरीस येणारा दिल्लीचा पाऊस कोकणातल्यासारखा आठ-आठ दिवस ठाण मांडून बसत नाही. तास-दोन तास झोडपतो, मग उघडीप आणि जीव नकोसा करणारा उकाडा. वर्षभरात इथे पाऊस पडतो तो जेमतेम ७५ ते ८० सेंटीमीटर. मुंबईत तेवढा एकट्या जुलैत पडतो.

भ्यायचेच तर साचणाऱ्या पाण्याला भ्यावे. २८ जून २०२४ रोजी सफदरजंग वेधशाळेत २४ तासांत २२८ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला आणि शहर ठप्प झाले. त्याआधी जुलै २०२३ मध्ये यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि पाणी लाल किल्ल्याच्या तटाशी येऊन भिडले. कॅनॉट प्लेसजवळचा मिंटो ब्रिज तर तुंबलेल्या पाण्यासाठीच प्रसिद्ध आहे. या पुलाला आता शिवाजी ब्रिज म्हणतात. मराठी माणसाला नाव वाचून आनंद होतो, पण मोठ्या पावसात त्याच्या खालून रिक्षा नेऊ नये. २०२० च्या जुलैमध्ये तिथे साचलेल्या पाण्यात एका वाहनचालकाचा जीव गेला.

म्हणून पावसाच्या दिवशी टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत बसण्यापेक्षा मेट्रो बरी. नवी दिल्ली स्टेशनवरून पिवळ्या मार्गाने कश्मीरी गेट, तिथे गाडी बदलली की पुढचेच स्टेशन लाल किल्ला. सोमवारी मात्र किल्ला बंद असतो, हे आधीच ध्यानात घ्या.

दगडातले श्रावण-भाद्रपद

लाहोरी दरवाजातून आत शिरताच छत्ता चौक लागतो. शाहजहानच्या काळातला हा बाजार छताखालचा आहे, त्यामुळे सर ओसरेपर्यंत बायकांना बांगड्या-पिशव्या पाहायला हक्काची जागा मिळते. पुढच्या बराकींमध्ये २०१९ साली संग्रहालये उघडली. त्यातले नेताजी आणि आझाद हिंद सेनेचे दालन मुलांना जरूर दाखवा. या सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला १९४५ मध्ये याच किल्ल्यात चालला होता.

पण पावसाळ्यात पाहण्याजोगी खरी जागा मागे, हयातबख्श बागेत आहे. तिथे संगमरवराचे दोन मंडप समोरासमोर उभे आहेत. त्यांची नावे सावन आणि भादों. मंडपाच्या कडेवरून पाण्याचा पडदा कोसळे. त्यामागच्या लहान लहान कोनाड्यांत दिवसा फुले आणि रात्री दिवे ठेवत. भर उन्हाळ्यातही बादशहाला पावसाळा भोगता यावा, यासाठी हा सारा खटाटोप. एरवी हे मंडप कोरडे आणि काहीसे केविलवाणे दिसतात. भिजल्यावर त्यांच्या नावाचा अर्थ कळतो.

दिवाण-ए-खासमध्ये आपल्या इतिहासाचीही खूण आहे. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. पैशाची चणचण इतकी होती की, या महालाच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडावी लागली. मराठे या तीरावर, अब्दाली त्या तीरावर आणि मध्ये पावसाने फुगलेली यमुना. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ नदी उतरला आणि त्यानंतर अडीच महिन्यांनी पानिपत घडले. मुलांना ही गोष्ट तिथेच, नदीच्या बाजूला तोंड करून सांगावी.

दुपारी छताखाली

जेवण चांदनी चौकात उरका. मग जांभळ्या मार्गाने थेट जवाहरलाल नेहरू स्टेडियम स्टेशन आणि तिथून रिक्षाने हुमायूनचा मकबरा. २०२४ साली तिथे जमिनीखाली मोठे संग्रहालय उघडले आहे. त्याची रचना जुन्या पायऱ्यांच्या विहिरींवरून, म्हणजे इथल्या बावलींवरून सुचलेली आहे. २०१४ च्या वादळात मकबऱ्याच्या घुमटावरून कोसळलेला मूळ कळसही तिथे जवळून पाहता येतो. उघडीप मिळताच मकबऱ्यासमोर जा, धुतलेला लाल दगड उन्हात दिसतो त्याहून कितीतरी गडद दिसतो.

ओल्या पायऱ्यांवर वडीलधाऱ्यांचा हात धरा. स्वतः हुमायून जिन्यावरून पडूनच गेला! आणि पावसाचा आडोसा म्हणून पडक्या वास्तूत शिरू नका. १५ ऑगस्ट २०२५ रोजी याच परिसरालगतच्या एका दर्ग्यातली खोली कोसळून काही जण दगावले.

संध्याकाळ हाताशी असेल आणि आभाळ निवळले असेल, तर मेहरौली गाठा. कुतुबमिनार सगळेच पाहतात, पण दिल्लीकरांची पावसाळी सहल पूर्वी याच गावी येत असे. शेवटचे मोगल बादशहा पावसाळ्यात इथल्या जफर महालात मुक्कामाला येत. शम्सी तलावाकाठी जहाज महाल आहे. पाणी भरले की तो खरोखरच नांगरलेल्या जहाजासारखा वाटतो. ‘फूलवालों की सैर’ ही इथलीच जत्रा. तिच्यात दर्ग्याला फुलांची चादर आणि योगमायेच्या देवळाला फुलांचा पंखा वाहण्याची प्रथा आहे. इंग्रजांनी १९४२ मध्ये ती बंद केली होती, पुढे नेहरूंच्या पुढाकाराने ती पुन्हा सुरू झाली.

परतीला पिवळी मेट्रो थेट नवी दिल्ली स्टेशनला आणते. वाटेत मिठाईच्या दुकानांत जाळीदार घेवर दिसेल. उत्तरेतला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, त्यामुळे आपल्याकडे आषाढ असतानाच तो विकायला येतो. गाडीत नेण्यासाठी घ्यायचा तर रबडी-मलईचा नको, साधा घ्या. तो घरी पोहोचेपर्यंत टिकतो.