‘कॅन’ आणि ‘मे’ : मराठी ‘शकणे’ व कन्नड ‘बहुदु’ यांच्या संदर्भात

इंग्रजी शिकवताना ‘कॅन’ आणि ‘मे’ या दोन्ही साहाय्यक क्रियापदांपुढे ‘शकणे’ हा एकच मराठी प्रतिशब्द पुष्कळदा मांडला जातो. ही सोय महागात पडते. ‘कॅन’चे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘जाणणे’ या अर्थाच्या धातूत आहे, ‘मे’चे ‘समर्थ असणे’ या अर्थाच्या. पुढे सामर्थ्याचा अर्थ ‘कॅन’कडे गेला आणि ‘मे’कडे मुख्यतः अनुमती व संभाव्यता उरली. दोहोंनंतर क्रियापदाचे मूळ रूप येते. तृतीयपुरुषी एकवचनाचा प्रत्यय दोहोंनाही लागत नाही. आजच्या संभाषणात ‘कॅन’ अनुमतीसाठीही सर्रास चालते.

मराठीची विभागणी निराळी आहे. ‘त्याला पोहता येते, पण हात दुखावल्यामुळे आज तो पोहू शकत नाही’ या वाक्यात इंग्रजी दोन्ही ठिकाणी ‘कॅन’च योजील. मराठी मात्र शिकून मिळवलेले कौशल्य ‘येणे’ने दाखवते, कर्त्याला चतुर्थीत नेते, आणि प्रसंगापुरत्या सामर्थ्यासाठी ‘शकणे’ राखून ठेवते. अनुमतीसाठी रचना तिसरीच : ‘आत येऊ का?’ त्याऐवजी ‘मी आत येऊ शकतो का?’ असे विचारणारा, काटेकोरपणे पाहता, स्वतःच्या पायांविषयीच शंका घेत असतो.

बंगळूरच्या मराठी विद्यार्थ्याजवळ येथे एक जास्तीचे साधन असते, ते म्हणजे परिसरातील कन्नड. ‘ओळगे बरबहुदा?’ म्हणजे ‘आत येऊ का?’, आणि ‘मळे बरबहुदु’ म्हणजे ‘कदाचित पाऊस येईल’. अनुमती व संभाव्यता हे ‘मे’चे दोन्ही अर्थ एकट्या ‘बहुदु’त सामावतात. कौशल्यासाठी कन्नडही मराठीप्रमाणेच चतुर्थी व ‘येणे’ योजते : ‘अवनिगे ईजलु बरुत्तदे’, त्याला पोहता येते. ‘बल्ले’ या रूपात तर ‘जाणतो’ आणि ‘करू शकतो’ हे दोन्ही अर्थ नांदतात. ‘कॅन’च्या व्युत्पत्तीशी हे साम्य विलक्षण आहे. असे असता ‘मे’ समजावताना ‘बहुदु’ला वर्गाबाहेर ठेवण्याचे प्रयोजन दिसत नाही.

या भेदाचे महत्त्व कायद्याच्या भाषेत अधिक जाणवते. अधिनियमांच्या मराठी पाठांत ‘मे’साठी सामान्यतः ‘करता येईल’ आणि ‘शॅल’साठी ‘करील’ अशी योजना असते. एकात स्वेच्छाधिकार, दुसऱ्यात कर्तव्य. नकारात घोटाळा वाढतो. ‘मुले येथे खेळू शकत नाहीत’ अशा सूचनेतून मनाई नव्हे, मुलांची असमर्थता व्यक्त होते. मनाईसाठी मराठीत ‘मुलांनी येथे खेळू नये’ ही सरळ रचना आहे, आणि कन्नडमध्ये ‘आडबारदु’.