हिमकण टिपणारा शेतकरी

वळवाच्या पावसात अंगणात पडलेल्या गारा वेचण्याचा आनंद महाराष्ट्रातील बहुतेक मुलांनी घेतलेला असतो. हिम मात्र गारेहून अगदी निराळे. ढगातील पाणी थरावर थर गोठून गार बनते. हिमकण वाढतो तो हवेतील वाफेवर. ती वाफ पाणी न होता थेट बर्फ होते आणि त्याच्या अंगाला जडत जाते. म्हणूनच हिमकण इतका नाजूक व रेखीव असतो. तळहातावर घेताच त्याचे पाणी होते. अशा क्षणभंगुर वस्तूचे छायाचित्र घेण्यासाठी एका शेतकऱ्याने आपले उभे आयुष्य वेचले.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात जेरिको नावाचे गाव आहे. तेथे ९ फेब्रुवारी १८६५ रोजी विल्सन बेंटली याचा जन्म झाला. घरी शेती आणि दुभत्या गाई होत्या. आई पूर्वी शिक्षिका होती. चौदाव्या वर्षापर्यंत तिनेच त्याला घरी शिकवले. पुढे तिने आपले जुने सूक्ष्मदर्शक यंत्र मुलाच्या हाती दिले. त्याखाली हिमकण ठेवून पाहताच मुलगा थक्क झाला. सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीवर सारखीच नक्षी! तो त्याची चित्रे काढू लागला. तीन हिवाळे तो खपला. पण चित्र पुरे होण्याआधीच कण विरून जाई. हाताने जे साधत नाही ते कॅमेऱ्याने साधेल, असे त्याला वाटू लागले. परंतु कॅमेऱ्याची किंमत शंभर डॉलरांच्या घरात होती. वडिलांना हिमकणांचा हा नाद पोरखेळ वाटे. तरी अखेर त्यांनी पैसे दिले.

कॅमेरा आला, पण चित्र काही येईना. कधी प्रतिमा पुसट येई, कधी काहीच उमटत नसे. शिकवायला जवळपास कोणी नव्हते. पुष्कळ फजितीनंतर १५ जानेवारी १८८५ रोजी पहिले स्वच्छ छायाचित्र मिळाले. त्या वेळी बेंटली वीस वर्षांचेही नव्हते.

त्यांची रीत साधीच होती. हिम पडू लागले की ते काळी फळी बाहेर धरीत. फळीवरचे कण भिंगातून पाहून त्यांतील एक निवडीत, बारीक काडीने उचलून काचेच्या पट्टीवर ठेवीत आणि पक्ष्याच्या पिसाने हलकेच दाबून सपाट करीत. हे सारे बिनशेगडीच्या थंड खोलीत, श्वास रोखून करायचे. कारण उच्छ्वासाची ऊबही कणाला सोसत नसे. मग यंत्राचे तोंड खिडकीतील उजेडाकडे करून ते काचफलकावर प्रतिमा घेत.

एक अडचण तरीही उरलीच. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पारदर्शक कण उठून दिसेना. म्हणून बेंटली निगेटिव्हची दुसरी प्रत करीत आणि कणाच्या कडेभोवतीचा लेप चाकूच्या टोकाने खरवडून काढीत. हे काम तासन् तास चाले. मग छापील चित्रात पार्श्वभूमी काळी येई आणि कण ताऱ्यासारखा झळके. मूळ निगेटिव्हला ते हात लावीत नसत.

यावरूनच वाद उभा राहिला. गुस्ताव हेलमान या जर्मन हवामानशास्त्रज्ञांनी हरकत घेतली, की कड चाकूने कोरली तर ती निसर्गाची राहिली की छायाचित्रकाराची? बेंटली यांचे म्हणणे असे, की निसर्गाचे खरे रूप अधिक स्पष्ट व्हावे यासाठीच हे कोरणे आहे. हेलमान यांची शंका रास्तच होती. किंबहुना तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आकाशातून पडणारे बहुतेक कण मोडके, वेडेवाकडे किंवा एकमेकांना चिकटलेले असतात. बेंटली यांचा ओढा सुडौल कणांकडे होता. त्यांची चित्रे खरी आहेत. पण सगळे हिम तसेच असते असे मात्र नव्हे.

गोठ्यातील कामे सांभाळून त्यांनी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली. एकासारखा दुसरा कण त्यांना कधी आढळला नाही. या छंदापायी सुमारे १५,००० डॉलर खर्ची पडले आणि ४,००० डॉलरही परत आले नाहीत, असा त्यांचाच हिशेब होता. चित्राच्या काचा ते अगदी अल्प किमतीला विकत. १९३१ मध्ये त्यांच्या २,४०० हून अधिक चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डिसेंबरात, हिमवादळातून पायी घरी आल्यानंतर ते न्यूमोनियाने आजारी पडले आणि २३ तारखेला वारले.

तो ग्रंथ जपानमध्ये उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञांच्या पाहण्यात आला व ते हिमकणांच्या अभ्यासाकडे वळले. होक्काइदो बेटावर त्यांनीही हजारो छायाचित्रे घेतली. पण त्यांत वेडेवाकडे कणही होते. १९३६ मध्ये थंड प्रयोगशाळेत, सशाच्या एका केसाच्या टोकावर, त्यांनी पहिला कृत्रिम हिमकण वाढवला. हवेतील थंडी व ओलावा बदलला की कणाचा आकार बदलतो, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. उणे ५ अंश सेल्सिअसच्या आसपास सुईसारखे कण होतात आणि बेंटली यांना विशेष प्रिय असलेले तारे उणे १५ अंशांच्या आसपास, हवेत पुरेशी वाफ असेल तरच, उमलतात.