नवें पिलूं खात नाहीं तेव्हां

शेतावर वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबास कुत्रें ही हौसेची वस्तु नव्हे. रात्रीं गोठ्याकडे कोणी फिरकलें, खळ्यावरील धान्यास कोणी हात लाविला, कीं पहिली वर्दी तेंच देतें. जुन्नर, आंबेगांव या बाजूस ज्यांच्या वस्त्या उसाच्या फडांस लागून आहेत, त्यांना बिबट्याची चाहूल कोणामुळें लागते हें सांगावयास नकोच. असें असूनहि, बैल विकत घेतांना जो शेतकरी त्याचे दांत, खूर, चाल आणि रवंथ अर्धा दिवस न्याहाळतो, तोच कुत्र्याचें पिलूं मात्र बाजाराच्या पिशवींत घालून आणतो, दारांत सोडतो आणि कामास लागतो. पुढें चार दिवसांनीं तें कोपऱ्यांत मान टाकून पडलें, भाकरीस तोंड लावीनासें झालें, कीं घरांतील वडील माणसें म्हणतात, “आईची आठवण काढतें आहे, उद्यां खाईल.” बहुधा तें खातेंहि; परंतु कित्येकदां तो ‘उद्यां’ त्या पिलास दिसत नाहीं. या दोन प्रकारांतील भेद घरच्या घरीं कसा ओळखावा, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन महिन्यांचें निरोगी पिलूं चोवीस तासांपैकीं अठरा ते वीस तास झोंपेंत घालवितें. तेव्हां नुसतें झोंपतें म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. पाहावयाचें तें जागेपणीं. झोंपेंतून उठल्यावर तें अंग ताणतें काय, धोतराचा सोगा धरून ओढतें काय, हांक मारली असतां कान टवकारतें काय? जागें झाल्यावर घटकाभर हुंदडणारें व मग जेथल्या तेथें आडवें होणारें पिलूं ठीक आहे असें समजावें. जागें असूनहि जें उठत नाहीं, तोंडापुढें हात नेला तरी ज्याची शेपटी हालत नाहीं, त्याची काळजी करावी.

आतां वियोगाविषयीं. आईपासून व भावंडांपासून तोडलेलें पिलूं पहिले एक-दोन दिवस कमी खातें, रात्रीं केंकाटतें, अंग चोरून बसतें. हें स्वाभाविक आहे. मात्र हा शोक पहिल्या रात्रीं सर्वांत अधिक असतो आणि दररोज ओसरत जातो. रोगाची गति याच्या उलट असते. पिलांचा जो अत्यंत घातक रोग पार्व्हो, त्याचा विषाणु अंगांत शिरल्यापासून लक्षणें दिसूं लागेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. म्हणून बाजारांतून किंवा विकणाऱ्याच्या घरून संसर्ग घेऊन आलेलें पिलूं पहिल्या दिवशीं टुणटुणीत असतें, आणि चौथ्या-पांचव्या दिवशीं एकाएकीं कोमेजतें. आमचें वाचकांस सांगणें इतकेंच कीं, पिलूं खातें कीं नाहीं एवढेंच न पाहतां तें कालच्यापेक्षां बरें आहे कीं वाईट, हें पाहावें. पहिल्या दिवशीं उदास व तिसऱ्या दिवशीं खेळकर, तर चिंता नको. पहिल्या दिवशीं खेळकर व चौथ्या दिवशीं उदास, तर आईच्या आठवणीचें निमित्त पुढें करूं नये. तेथें रोग आहे असें धरूनच चालावें.

मोठें कुत्रें एक दिवस उपाशी राहिलें तरी त्याचें फारसें बिघडत नाहीं. पिलाचें तसें नाहीं. त्याच्या अंगीं सांठा असा नसतोच. थोडक्याच तासांच्या उपासानें रक्तांतील साखर उतरते, पिलूं झोकांड्या खाऊं लागतें, अंग थंड पडतें. अशा वेळीं तें शुद्धीवर असेल तर बोट गुळाच्या पाण्यांत किंवा मधांत बुडवून त्याच्या हिरड्यांस चोळावें, उबेस घ्यावें व तडक पशुवैद्याकडे न्यावें. बेशुद्ध पिलाच्या घशांत पाणी किंवा दूध ओतूं नये. तें फुप्फुसांत उतरतें.

खाण्याच्या बाबतींत आपल्याकडे जी चूक सर्रास होते ती दुधाची. पिलूं आलें कीं वाटीभर गाईचें किंवा म्हशीचें दूध पुढें ठेवावयाचें, अशी रीतच पडली आहे. कुत्रीच्या दुधांत गाईच्या दुधाच्या मानानें स्निग्धांश व प्रथिनें सुमारें दुप्पट असतात आणि साखर कमी असते. शिवाय अंगावरचें सुटलेल्या पिलास दुधांतील साखर पचविण्याची शक्ति उत्तरोत्तर कमी होत जाते. त्यामुळें दुधानें पोट भरल्यासारखें वाटतें, पोषण होत नाहीं, जुलाब लागतात, आणि जुलाबानें भूक मरते. मग ‘दूधसुद्धां पीत नाहीं’ म्हणून घरचीं माणसें अधिकच घाबरतात. पिलूं जेथून आणिलें तेथें तें काय खात होतें हें विचारून घ्यावें, आणि पहिले चार-पांच दिवस तेंच अन्न द्यावें. पुढें आपलें अन्न त्यांत थोडथोडें वाढवीत जावें. मऊ भात किंवा वरणांत कुस्करलेली भाकरी चालते, पण केवळ तीवर पिलूं वाढत नाहीं. उकडलेलें अंडें, शिजविलेलें मांस किंवा कोंबडीचे तुकडे रोज पोटांत गेले पाहिजेत. दिवसांतून चार वेळां थोडें थोडें, किंचित् कोमट करून घालावें. वासानें भूक चाळवते. पाव तासांत न खाल्लेलें उचलून टाकावें. उन्हाळ्यांत भर दुपारीं न खाणें हें रोगाचें चिन्ह नव्हे. तेंच पिलूं सकाळीं व दिवे लागणीस खाईल.

कांदा-लसूण घातलेला रस्सा पिलास देऊं नये. नाशिक व तासगांव भागांतील बागायतदारांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें, कीं द्राक्षें आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांस अपाय करूं शकतात. बेदाण्याच्या शेडवर पिलूं मोकळें सोडण्याजोगें नाहीं.

वजन पाहण्याची संवय लावून घेतली तर निम्मी शंका आपोआप फिटते. धान्याचा कांटा प्रत्येक वस्तीवर असतोच. पिलास टोपलींत बसवून दर दोन दिवसांनीं, एकाच वेळीं, खाण्यापूर्वीं तोलावें व आंकडा लिहून ठेवावा. मोठेपणीं वीस किलो भरणाऱ्या जातीचें पिलूं दररोज साधारण ४० ते ८० ग्रॅम वाढावें. जेवणाविषयीं नाटकें करणारें, पण वजनानें वाढणारें पिलूं आजारी नसतें. वजन घटूं लागलें तर मात्र खाणें कितीहि दिसो, कारण शोधलेंच पाहिजे.

असें कारण आपल्या खेड्यांत बहुधा जंत हेंच निघतें. पिलास जंत माती चाटल्यानेंच होतात असा समज आहे, तो अर्धवट आहे. गोलकृमींच्या अळ्या आईच्या पोटांत असतांनाच गर्भांत शिरतात. अंकुशकृमींच्या अळ्या दुधावाटेंहि येतात. म्हणजे स्वच्छ घरांत जन्मलेलें पिलूंहि जंत घेऊनच आलें असें समजावें. गोलकृमींचें लक्षण सर्वांस ठाऊक आहे: पोट नगाऱ्यासारखें, बरगड्या वर आलेल्या, केस राठ, आणि ओकारींत किंवा शेणांत शेवयांसारखे जंत. अंकुशकृमींत पोट फुगेलच असें नाहीं, पण ते रक्त पितात. मेंढपाळ मेंढीची पापणी उलटून तांबडेपणा पाहतो, तशी पिलाची ओंठाची कड उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी असावी. बोटानें दाबली असतां पांढरी होऊन दोन सेकंदांच्या आंत पुनः गुलाबी झाली पाहिजे. हिरडी फिकट आणि शेण डांबरासारखें काळें असेल, तर पिलाचें रक्त आटत चाललें आहे. त्यास त्याच दिवशीं दवाखाना दाखवावा. जंताचें औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्यास, दोन-तीन महिन्यांनंतर दरमहा, सहा महिने पुरीं होईपर्यंत वजनाप्रमाणें द्यावें लागतें. हे जंत घरांतील मुलांसहि बाधतात, म्हणून अंगणांतील पिलाची घाण रोज उचलून पुरावी.

येथें एक कडक शब्द लिहिणें भाग आहे. गोठ्यांतील फळीवर गुरांच्या जंताची किंवा गोचिडांची उरलेली बाटली असते, आणि ‘थोडेंसेंच’ म्हणून ती पिलावर उपयोगांत आणिली जाते. गुरांसाठीं केलेलें आयव्हरमेक्टिनचें इंजेक्शन पिलाच्या मानानें इतकें तीव्र असतें, कीं थेंबांच्या हिशेबांतील चुकीनें पिलूं लडखडतें व बेशुद्ध होतें. गोचिडांसाठीं फवारावयाचें अमिट्राझ पिलानें चाटलें, तर तें सुस्त पडतें, नाडी मंदावते. म्हणजे ज्या सुस्तीची चिंता करावयाची, ती आपणच निर्माण केलेली असते. उंदरांचें झिंक फॉस्फाइड, औषध चोळलेलें बियाणें, माणसांचें पॅरासिटामॉल, हींहि याच वर्गांतलीं. गोचीड चिमट्यानें उपटावेत, आणि औषध कुत्र्याचेंच, त्याच्या वयाचें, विचारून आणावें. गोचिडांपासून होणाऱ्या तापानेंहि हिरड्या फिक्या पडतात व भूक जाते, हेंहि लक्षांत असूं द्यावें.

आतां पार्व्होविषयीं. हा रोग १९७८ सालीं प्रथम ओळखला गेला आणि दोन-तीन वर्षांतच जगभर पसरला. आमच्या आजोबांच्या कुत्र्यांस तो ठाऊक नव्हता. म्हणूनच ‘पूर्वीं कोण लस टोंचीत होतें?’ हा प्रश्न येथें गैरलागू आहे. पिलूं प्रथम मलूल होतें व अन्न सोडतें. एक-दोन दिवसांत ओकाऱ्या, मग दुर्गंधी व बहुधा रक्ताचे जुलाब. उपचार न मिळाल्यास बहुतेक पिलें दगावतात. वेळेवर सलाइन व औषधें मिळालीं तर पुष्कळशीं वांचतात. म्हणजे मृत्यु कीं जीव, हें मधल्या एका दिवसावर ठरतें. मलूल पिलूं एकदां जरी ओकलें, तर सकाळची वाट न पाहतां न्यावें. विषाणु मातींत अनेक महिने टिकतो, पायतणास चिकटून येतो, आणि साध्या फिनेलनें मरत नाहीं. त्यास ब्लीचिंगचें पाणी लागतें. ज्या घरीं पिलूं या रोगानें गेलें, तेथें नवें पिलूं लस पुरी झाल्यावांचून आणूं नये.

लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयीं सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनीं, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत द्यावी लागते. एका टोंचणीनें भागत नाहीं याचें कारण असें, कीं आईच्या चिकांतून मिळालेली प्रतिकारशक्ति रक्तांत असेतोंवर ती लसीलाच निकामी करते, व ती कोणत्या आठवड्यांत संपेल हें प्रत्येक पिलागणिक निराळें असतें. याच लसींत डिस्टेंपरचाहि समावेश असतो. त्या रोगांत भूक जाते, डोळे व नाक गळूं लागतें, पुढें जबडा व पाय झटके देतात. गीरच्या अरण्यांत २०१८ सालीं वीसांहून अधिक सिंह मृत्युमुखीं पडले, त्यांत याच विषाणूचा हात आढळला. वस्तीवरच्या कुत्र्याची लस केवळ वस्तीपुरती नसते.

पिलूं आठ आठवड्यांचें होण्यापूर्वीं आईपासून तोडूंच नये. २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनीं त्याहून लहान पिलाच्या विक्रीस मनाईहि केली आहे. बाजारांत ती किती पाळली जाते हें वाचक जाणतातच.

शेवटीं एक अशी सुस्ती सांगतों, कीं जींत पिलापेक्षां माणसांचा जीव अधिक धोक्यांत असतो. पिसाळणें म्हणजे चावत सुटणें, असेंच लोक समजतात. परंतु कित्येक पिसाळलेलीं कुत्रीं, पिलेंहि, अगदीं गप्प होतात. अंधारांत पडून राहतात, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळतां येत नाहीं. घरच्यांस वाटतें घशांत हाड अडकलें, आणि कोणीतरी तोंडांत हात घालतो. असा हात कदापि घालूं नये. पिलास कोंडून पशुवैद्यास बोलवावें. लाळ जखमेस अथवा खरचटलेल्या जागीं लागली असेल किंवा दांत लागला असेल, तर ती जागा साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी. चुना, हळद, तिखट कांहींहि भरूं नये. आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लशीचा क्रम सुरू करावा. लक्षणें दिसूं लागल्यावर या रोगास उपाय नाहीं. पिलास ही लस तीन महिन्यांच्या वयीं टोंचून घ्यावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें वर्षास पुनः द्यावी.

दवाखान्यांत जातांना मोकळ्या हातीं जाऊं नये. ताजें शेण लहान डबींत बरोबर न्यावें. जंतांचीं अंडीं त्यांतच सांपडतात. वजनाचे आंकडे, पिलूं घरीं आल्याची तारीख, शेवटचें कधीं खाल्लें, ओकलें कधीं, कोणतें औषध कोणी दिलें, हें कागदावर लिहून न्यावें. घरीं थर्मामीटर असल्यास तो गुदद्वारीं लावून ताप मोजावा. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हा पिलाचा नेहमींचा पारा होय. आणि पिलास दवाखान्याच्या ओट्यावर खालीं न सोडतां टोपलींतच ठेवावें. त्या ओट्यावरून आदल्या दिवशीं कोणतें पिलूं गेलें, हें आपणांस ठाऊक नसतें.